दोन तांबे पाणी

"ह्ये बग, गेला," दत्तोबा म्हणाले आणि पडद्यावरची तांबडी मोटार ऐन वळणावर नाहीशी झाली. पडदा काळा पडला, डब्यातून एक बारीक टुक आवाज आला आणि पांढरी इंग्रजी अक्षरं पहिल्यापासून उमटू लागली. "दिसातनं धा येळा ह्येच. जरा लांब गेलो, का ह्यो मला परत घरी आणून सोडतोय."

रावजी मिस्त्री जमिनीवर बसून कॉम्प्युटरच्या डब्याचे स्क्रू काढत होता. त्याचं बारामतीत बसस्टँडमागे दुकान होतं. दुकानाच्या पाटीवर आधी 'रेडिओ' होतं, ते पुसून 'टीव्ही' झालं, आणि गेल्या दोन वर्षांपासून, म्हणजे सत्त्याण्णव सालापासून, 'कॉम्प्युटर' झालं होतं. रंगारी दरवेळी तोच, पाटीही तीच. रावजीचा हात चांगला होता, फक्त त्याला घाई फार. दुखणं पटकन ओळखलं की त्याला जो आनंद व्हायचा, तो मजुरी हातात पडल्यावरही व्हायचा नाही.

कळसच्या शिवारातल्या या वस्तीवर दोन म्हातारी माणसं राहत होती. मुलगा माळेगावच्या साखर कारखान्यात नोकरीला, मुक्कामही तिकडेच. नात प्रतीक्षा पुण्याला वसतिगृहात. कॉम्प्युटर तिच्यासाठी घेतलेला, पण तिला कॉलेजात मिळाला म्हणून हा इथेच राहिला. दिवाळीच्या सुट्टीत तिने गंमत म्हणून आजोबांना मोटारींच्या शर्यतीपुढे बसवलं, आणि आजोबा काही तिथून उठले नाहीत.

चहा देताना प्रयागबाई रावजीजवळ हळूच म्हणाल्या, "तुमाला हसू यील मिस्त्री. पर साठ वर्सं माणूस मेंढरामागं चालला. कोकणात जायचा, माघारी यायचा. गुडघं गेलं, मेंढरं इकली, ही दोनच ठिवली. तवापस्नं बाजंवर पडून आढ्याकडं बगायचा. तीन सालं माज्याशी धड बोलला न्हाय. ह्यो डबा आला आन् माणूस माघारी आलं माजं. ह्येला नीट करा तेवडं."

खेळ संपला की त्या रोज पडद्यावर आपल्या जुन्या लुगड्याचा धडपा झाकून ठेवत. तो घडी करून आताही शेजारच्या स्टुलावर ठेवला होता.

रावजीने मग आपलं सगळं कसब पणाला लावलं. आतली धूळ फुंकून काढली. मेमरीची पट्टी काढून शाळेतल्या खोडरबराने घासली. पंखा फिरतोय ना ते पाहिलं. सोबत आणलेला पॉवर सप्लाय बदलून पाहिला. दत्तोबा मोटार घेऊन निघत, दोन वळणं घेत, आणि कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा चालू होई. शेवटी रावजीने भिंतीतल्या सॉकेटला मीटर लावला. एकशे साठ व्होल्ट, हवे होते दोनशे तीस. कॉम्प्युटरच्या पत्र्याला टेस्टर टेकवला तर त्यातला दिवा मिणमिणला.

"आलं ध्यानात," तो म्हणाला.

अर्थिंगची तार खिडकीतून मागे गेली होती. तिच्यामागोमाग तो परड्यात गेला. मागच्या भिंतीलगत लोखंडी सळई ठोकलेली होती आणि तिच्याभोवतीची माती उन्हाने भेगाळली होती. रावजीने प्रयागबाईंकडून तांब्या मागून घेतला आणि दोन तांबे पाणी सळईच्या बुडाशी ओतलं. मातीने ते घटाघटा पिऊन टाकलं. आत येऊन पाहतो तर मीटर दोनशे दहा दाखवत होता. दत्तोबांनी मोटार काढली ती अर्धा तास थांबलीच नाही.

"येवडंच व्हय?" प्रयागबाईंनी विचारलं.

"एवढंच मावशी. अर्थिंग वाळलं होतं. रोज सकाळी दोन तांबे पाणी घालत चला. मूठभर मीठ टाकलं तर आणखी बरं."

"तुळशीला घालतेच की. हितं बी घालीन."

दत्तोबा पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले, "मेंढरं तितं फिरकंनात बग रावजी. भितीची गार सावली सोडून उनात उबी ऱ्हात्यात. काय दिसतंय त्यास्नी, बिरोबाला ठावं."

"उन्हाने भंजाळली असतील आबा," रावजी हसला. दत्तोबाही हसले आणि त्यांनी वळण घेतलं. गोठ्याच्या कुडापाशी दोन मेंढ्या माना खाली घालून भर उन्हात उभ्या होत्या. रावजीने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि स्कूटरला किक मारली. त्या दिवशी तो स्वतःवर खूष होता.

तीन आठवड्यांनी दुकानातला फोन वाजला. रावजीच्या एका हातात झाळकामाची तापलेली कई होती, फोन त्याने खांद्याशी धरला. पलीकडून प्रयागबाई गावातल्या फोनच्या बूथवरून ओरडून बोलत होत्या. फोनवर ओरडावं लागतं अशी त्यांची समजूत होती.

"मिस्त्री, त्यो परत बंद पडाय लागलाय. पाणी घातलं का चालतोय, वाळलं का पडतोय. आता दोन तांब्यानं भागंना. त्ये आतनं हाळी देत्यात, का मी वतते. सात-आट येळा वतलं काल."

"उन्हं वाढली ना मावशी. उद्या येतो मी. तोवर घालत राहा."

"व्हय, वतते की. बल्ब बी तसाच, पाणी घातलं का लखलखतोय. म्हस्कू वायरमननं भारी सळई ठोकली म्हनायची. वावटळीत खांबावरची तार तुटली तवा ठोकली बगा."

"बरं बरं. उद्या येतो."

त्याने फोन ठेवला आणि पुढ्यातल्या डब्याला डाग दिला. कॉम्प्युटर सुरू करायला म्हणून बटणाकडे हात नेला आणि त्याची नजर स्वतःच्याच सॉकेटवर गेली. त्याची अर्थिंगची तार वर्षभरापूर्वी तुटली होती. आज करू, उद्या करू म्हणून राहिली होती. तरी रोज चार-पाच डबे त्या सॉकेटवर तासन्‌तास चालत, आणि त्यातला एकही कधी बंद पडला नव्हता.

रावजीचा हात तिथेच थांबला.

वीज एका तारेने घरात येते आणि दुसरीने परत जाते. अर्थिंगची तिसरी तार नुसती राखणीला असते. ती असली काय, नसली काय, बल्ब तेवढाच पेटतो. परड्यातली माती ओली केल्यावर घरातला बल्ब उजळत असेल, तर परत जायची तारच नाही. ती वावटळीत तुटली. म्हस्कूने तिच्या जागी सळई ठोकली, आणि घरातली सगळी वीज त्या सळईवाटे जमिनीत उतरतेय. एकशे साठचे दोनशे दहा झालेले रावजीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. तेव्हा त्याला फक्त आनंद झाला होता. आणि त्या सळईच्या बुडाशी एक म्हातारी अनवाणी, ओल्या मातीत उभी राहून, पितळी तांब्याने पाणी ओतत होती, कारण तसं त्याने सांगितलं होतं. आत्ताच, दोन मिनिटांपूर्वी, पुन्हा सांगितलं होतं.

बूथचा नंबर वहीत होता. तो लागेपर्यंत त्याने चार वेळा फिरवला.

"म्हातारी? ती आत्ताच गेली की वस्तीवर," बूथवाला बापूसाहेब म्हणाला.

"कुणालातरी पळत पाठव. पाणी ओतू नका म्हणावं. सळईजवळ जाऊ नका. घरातला फ्यूज काढून ठेवा म्हणावं."

"काय काडून?"

"फ्यूज, फ्यूज. लाईट बंद करा म्हणावं घरातली."

"बूत सोडून कसा जाऊ मी? कोन आलं तर धाडतो. काय झालंय काय पर?"

रावजीने फोन ठेवला. दुकान उघडंच टाकलं आणि स्कूटर काढली.

तो रस्ता जेमतेम पाऊण तासाचा. एरवी रावजी रस्त्याने शीळ घालत जायचा. आज त्याला एकच गोष्ट हवी होती, लाईट गेलेली असू दे. उन्हाळ्यात दिवसातून चारदा जाते, मग आज का नको? पण उसाच्या कडेने विहिरींवरच्या मोटारी घुंघुं करत होत्या. एक मागे पडली की पुढच्या मळ्यातली ऐकू यायची. कुठे पाईपातून पाणी धो धो पडत होतं, कुठे पिठाची गिरणी चालू होती. एवढी इमानदारीने वीज कधी राहत नाही, ती आज राहिली होती. प्रत्येक मोटारीजवळून जाताना रावजी स्कूटरची मूठ आणखी पिळत होता. वाटेत गावात थांबून बापूसाहेबाला विचारावं असं मनात आलं, पण त्याला थांबायचा धीर झाला नाही.

वस्तीचं वळण आलं तेव्हा त्याला आधी खेळातल्या मोटारीचा आवाज ऐकू आला. तो एकसारखा, न तुटता येत होता.

दत्तोबा पडद्यापुढे बसले होते. त्यांचा चेहरा पोरासारखा फुलला होता.

"यं रावजी. बूतवरनं सांगावा आला का तुला? आज बग, ती गावातनं आली आन् वतलं, तवाधरनं येकदाबी बंद पडला न्हाय. लई लांब आलोय."

"मावशी कुठायत?"

"मागं आसंल की."

रावजीने दाराजवळचा फ्यूज उपसून काढला. मोटारीचा आवाज तुटला, पडदा काळा झाला.

"आरं, का बंद केलास? आज चांगला चालला व्हता," दत्तोबा म्हणाले.

परड्यात प्रयागबाई भिंतीला लागून कुशीवर पडल्या होत्या. डोक्यावरचा पदर सरकला नव्हता. हात सळईपाशी होता आणि तांब्या सळईला टेकून उभाच होता, त्यात तळाशी थोडं पाणी राहिलं होतं. कुडापाशी दोन्ही मेंढ्या एकमेकींना चिकटून, इकडेच तोंड करून उभ्या होत्या. रावजीने गुडघे टेकले आणि मनगट हातात घेतलं. ते उन्हामुळे कोमट होतं, पण नाडी नव्हती.

नंतर जे होतं ते सगळं झालं. मुलगा आला, पोलीस आले, पंचनामा झाला. म्हस्कू म्हणाला, लोकांना अंधारात कसं ठेवायचं म्हणून केलं. तुटलेल्या तारेची तक्रार कुणी दिलीच नव्हती. बापूसाहेब म्हणाला, बूथवर नेमकं कुणी आलं नाही. प्रत्येकापाशी सांगण्यासारखं काहीतरी होतं. रावजीने हवालदाराला आपणहून सांगितलं, पाणी घालायला मी सांगितलं होतं, लिहून घ्या. हवालदाराने त्याच्याकडे पाहिलं आणि कागद उलटला. ते त्याने लिहिलं की नाही, रावजीला कळलं नाही.

खांबावरची तार जोडली गेली. तेरावा झाल्यावर रावजी पुन्हा वस्तीवर गेला, या वेळी पहार घेऊन. दत्तोबा परड्यातच एका दगडावर बसले होते. घरात पडद्यावर लुगड्याचा धडपा झाकलेला होता.

रावजी सळईभोवतीची माती उकरू लागला. दत्तोबा पहारीकडे पाहत होते.

"आतनं मीच म्हनलं तिला, वत गं म्हनून," ते म्हणाले. "पानी बी प्याली नव्हती, गावातनं चालत आलती."

"सांगितलं मी होतं आबा. दोनदा सांगितलं."

दत्तोबांनी मान हलवली. ती कशासाठी हलवली ते रावजीला समजलं नाही.

"मेंढरं सांगत व्हती," दत्तोबा म्हणाले. "जलम गेला त्यांच्यामागं. रानात मेंढरू अडलं, का मी बी थांबायचो. हितं बगितलं, बोललो बी तुला, आन् परत तिकडं बगत बसलो."

रावजीला रडू आलं. त्याने ते लपवलं नाही, पण पहारही थांबवली नाही. सळई कमरेएवढी खोल होती. ती हलवून हलवून सैल केली आणि दोन्ही हातांनी उपसून काढली. खड्डा बुजवला, चपला काढल्या आणि अनवाणी पायांनी माती दाबून सारखी केली.

ऊन डोक्यावर आलं होतं. कुडापाशी उभ्या असलेल्या एका मेंढीने मान वर करून हवा हुंगली. मग ती चार पावलं पुढे आली, थांबली, आणखी चार पावलं आली. दुसरी तिच्यामागे निघाली. दत्तोबा जागचे हलले नाहीत. दोन्ही मेंढ्या भिंतीलगतच्या सावलीत आल्या, नुकत्या दाबलेल्या मातीवर पाय दुमडून बसल्या आणि रवंथ करू लागल्या.