वर्गणीच्या वहीतले लाल ठिपके

झाशीच्या आमच्या गणेश मंडळाची वर्गणीची वही मी एकवीस वर्षं सांभाळतोय. मराठी घरं बेचाळीस. ज्याची वर्गणी यंदा घटली, त्याच्या नावापुढे मी लाल शाईचा बारीक ठिपका देतो, म्हणजे मंडपाचे जादा पैसे मागायला त्या दारात पुन्हा कोणी जाऊन त्याला लाजवू नये. घरात तंगी आली की बायकोच्याही आधी ती या वहीला कळते. यंदा ठिपके सात होते.

गणपतीच्या तिसऱ्या दिवशी जनार्दन मोघे आरतीला आला. पन्नाशीचा, इस्त्रीचा पांढरा सदरा, मूळचा पुण्याचा, बँकांच्या कर्जाची तडजोड करून देतो म्हणाला. मऊरानीपुरला राहणाऱ्या आमच्याच वर्गणीदार नीलकंठचं घर त्यानंच जप्तीतून सोडवलं म्हणे. आणि त्याचं मराठी! आम्ही इथले लोक "जरा ते चम्मच इकडे कर ना" असलं मराठी बोलणारे. तो "आपली हरकत नसेल तर" म्हणायचा आणि अख्खा मंडप सावरून बसायचा. पाचशे एक रुपये दिले. मी पावती फाडायला गेलो, तर म्हणाला, "आपल्या माणसांत पावती कशाला, वामनराव?" सरकारी ट्रेझरीत चौतीस वर्षं काढलेला मी, आणि मला गुदगुल्या झाल्या. दुसऱ्या दिवशी तो घरी चहाला आला, वही चाळली, अक्षराचं कौतुक केलं, खुणांचे अर्थ विचारले. मी एकेक समजावून दिला. बायको म्हणाली, "किती बोलताय!"

डिसेंबर संपत आला होता. दुपारचे बारा वाजले तरी धुकं उठलं नव्हतं. मंडळातल्या मार्तंडची बायको दुर्गा आली आणि खुर्चीवर न बसताच तिनं एक कागद पुढे केला.

"काकाजी, हे वाचा. यांनी गव्हाच्या डब्यात लपवलं होतं."

मार्तंड एका खाजगी कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळायचा. उन्हाळ्यात कॉलेजच बंद पडलं. कागद बँकेचा होता. घराच्या कर्जाचे तीन हप्ते थकलेत, साठ दिवसांत भरा, नाहीतर घर ताब्यात घेऊ. तारीख पाहून मी बोटं मोजली. आजचा बावन्नावा दिवस.

"मार्तंड काय म्हणतो?"

"म्हणतात, मोघेजी बघताहेत. वीस हजार फी घेतली. वर दोन महिन्यांचे हप्ते यांनी त्यांच्याच हातात दिले, ते बँकेत भरणार म्हणून. बँकेचा फोन उचलायचा नाही, बँकेत पाऊल टाकायचं नाही, अशी ताकीद आहे."

"मोघे सज्जन माणूस आहे, दुर्गा."

"असतील. पण काकाजी, पावती एकही नाही."

न फाडलेली ती पाचशे एकची पावती मला आठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मऊरानीपुरची बस धरली. नीलकंठच्या दाराला नवं कुलूप होतं, वर बँकेचा कागद चिकटवलेला. तो स्वतः सापडला धान्याच्या गल्लामंडीमागे, भाड्याच्या खोलीत. दार त्यानं अर्धंच उघडलं.

"मोघे?" तो हसला. "मराठी फार गोड बोलतो, नाही?"

"तू विचारलं नाहीस त्याला, पैसे कुठं भरलेस म्हणून?"

"रोज ठरवायचो. पण त्याच्यासमोर तोंड उघडलं की आपलं अर्धं हिंदी बाहेर पडतं. शरम वाटायची. तो म्हणायचा, 'निश्चिंत असा', आणि मी मान हलवायचो." त्यानं दाराची कडी चाचपली. "कुलूप लावायला आले तेव्हा मॅनेजर म्हणाला, पहिल्या महिन्यात आला असतात तर हप्ता लहान करून दिला असता. फुकट, काकाजी. अर्जावर एक सही लागली असती."

"मग आम्हाला का नाही सांगितलंस?"

"कुणाला सांगू? मंडळाचा गणपतीतला फोटो पाहिला ना मी. तुम्ही सगळे त्याच्याबरोबर आरती करत होता."

परतीची बस धुक्यात बैलगाडीसारखी चालली होती. मार्तंडचा फोन बंद. वाटेतलं बरुआसागर आलं तेव्हा दुर्गानं तिचा उचलला.

"हे आत्ता निघताहेत. माझी एफडी मोडली, चाळीस हजार. चार वाजता लक्ष्मी तालावर, तळ्याकाठच्या देवळापाशी द्यायचेत. शेवटचे, असं म्हणाले मोघेजी."

"त्याला जाऊ देऊ नकोस."

"कसं?"

"ते तू बघ."

त्यांच्या घरी पोहोचून हाक मारली तेव्हा बंद दाराला पाठ लावून उभ्या दुर्गानं मला आत घेतलं; मार्तंड बूट घालून पाटावर बसला होता. मला पाहून उसळला, "काकाजी, वो आदमी हमारा घर बचा रहा है! और ये पागल हो गई है!"

"त्याला फोन लाव. मराठीत नको बोलूस. हिंदीत विचार, बँकेची पावती कुठं आहे."

मार्तंडनं स्पीकर लावला. हिंदीत त्याचा आवाज आला तो चढा, खणखणीत. "मोघेजी, पहले बैंक की रसीद दिखाइए। तब पैसा मिलेगा।"

पलीकडून तोच आवाज, तेवढाच गोड, पण अस्सल इथल्या बाजारातला: "रसीद चाहिए, भैया? तो जाओ, घर बैंक से ही बचवा लो।" फोन कटला.

सकाळी आम्ही तिघं बँकेत गेलो. मॅनेजर रागावला, मग चहा मागवला. चाळीस हजार थकबाकीत जमा केले आणि छापील पावती दिली. मुदत वाढवून हप्ता लहान करायचा अर्ज भरून घेतला. "वर पाठवतो," म्हणाला. "उत्तर येईपर्यंत कुलूप लागणार नाही. त्यापुढचं आज मी सांगू शकत नाही."

बाहेर आल्यावर मार्तंड पायरीवरच थांबला. "काकाजी, एक समजत नाही. हप्ते थकल्याचं मी दुर्गालाही बोललो नव्हतो. त्याला कळलं कसं?"

मी मफलर नीट करत बसलो.

घरी येऊन वही उघडली. सात ठिपके. नीलकंठ आणि मार्तंड सोडून पाच. पहिल्या दोघांना फोन केले. एकानं उचलला नाही. दुसरा "कोण मोघे?" म्हणाला, पण आवाज फार घाईचा होता. तिसरं नाव कुसुमावतीचं, निवृत्त नर्स, एकटीच राहते.

"बोला वामनजी! एक मिनिट हं, जरा मेहमान आलेत, त्यांना चहा देते."

तिनं फोन तसाच टेबलावर ठेवला. कपबशीचा आवाज आला. कागद सरकल्याचा आला. आणि मग त्या शुद्ध, सावकाश मराठीत:

"आपली हरकत नसेल तर, सही इथे."