गळकी कुंडी

सुनेने ऑर्किड मुळांसकट उपसून काढलं, कुंडी बेसिनवर उपडी केली, आणि आतून तांब्याभर पाणी भसकन पडलं. कुबट वास स्वयंपाकघरभर पसरला. तिने कुंडीच्या बुडावरून बोट फिरवलं. बूड गुळगुळीत होतं.

"बाबा, हिला भोकं होती ना?"

सासरे दारात उभे होते. नोकरी सुटली तरी सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत.

"होती. बुजवली," ते म्हणाले. "खिडकीत ठिबकत होतं. पांढरं सिमेंट, वरून रंगाचा एक हात. जन्मात हलायचं नाही."

शेवटचं वाक्य जुन्या सवयीने निसटलं आणि त्यांनी जीभ चावली.

सून मुळं बघत होती. तपकिरी, पोकळ. दाबली की साल बोटांत येई आणि मागे नुसता दोरा उरे. तीन वर्षांनी पहिल्यांदा आलेली कळ्यांची दांडी कालच वाळली होती. का, ते आता कळलं. तिने नळ सोडून मुळं धुवायला घेतली. तिने ओरडायला हवं होतं, असं मिस्त्रींना वाटलं.

त्यांचा सारा जन्म गळती बंद करण्यात गेला होता. पाणीखात्यातली नोकरी, 'गळतंय' म्हटलं की भरल्या ताटावरून उठणारा माणूस. धाकट्या मुलाच्या या दोन खोल्यांत ते राहायला आले आणि आठवड्याभरात न्हाणीघरातला नळ, बेसिनखालची नळी, फ्लशची टाकी, सगळी मुकी झाली. मग हात रिकामे राहिले, आणि नजर खिडकीकडे गेली. करायला गेले एक, झालं भलतंच.

त्यात थोरला मागे लागला होता, रविवारी बाबांना घेऊन जातो म्हणून. थोरल्याचं घर ऐसपैस. पण तिथे साधा वॉशर बदलायलाही फोन करून माणूस बोलावत. मिस्त्रींना जायचं नव्हतं. पण 'राहू का' विचारायला तोंड लागतं, आणि ते तोंड त्यांनी स्वतःच्या हाताने सिमेंटने लिंपून घेतलं होतं.

"कुंडी कुठे मिळते ते सांग. मी आणतो."

"दोघं जाऊ. तुम्ही एकटे गेलात तर हौद उचलून आणाल."

रोपवाटिकेत मिस्त्रींनी खरोखरच सगळ्यांत मोठी, चकचकीत झिलईची कुंडी उचलली. भरपाई कशी, डोळ्यांत भरायला हवी.

"ती ठेवा, काका," रोपवाल्या बाई म्हणाल्या. "मोठ्या कुंडीत ओल सुकत नाही. ऑर्किडला अडचणच आवडते. मुळं जेमतेम मावतील एवढी घ्या, बिनझिलईची, मातीची. आणि भोकं बुडाला हवीत तशी कुशीलाही हवीत."

"कुशीलाही?" मिस्त्रींचा आवाज चिरकला. "मग ती कुंडी कसली? चाळण झाली!"

"चाळणच म्हणा. पाणी यावं, मुळांना भेटावं, निघून जावं. पाहुण्यासारखं. मुक्कामाला राहिलं की कुजवतं."

मिस्त्रींनी हातातली कुंडी हळूच खाली ठेवली. सुनेने त्यांच्याकडे पाहिलं.

"पाण्याचं सांगतायत त्या, बाबा."

"हो, हो. पाण्याचंच."

मग त्यांनी बाटलीतलं पाणी एकेका कुंडीत ओतून पाहिलं. एकीच्या बुडात खळगा होता, घोटभर पाणी मागे राही. ती बाजूला गेली. दुसरीतून पाणी सरळ त्यांच्या चपलांवर आलं. ते दचकून मागे सरले, आणि मग तीच कुंडी त्यांनी काखोटीला मारली.

घरी सुनेने कात्री गॅसवर तापवली, कुजकी मुळं छाटली. टणक, हिरवी अशी थोडकीच उरली. नव्या कुंडीत माती नव्हतीच, झाडाच्या सालीचे तुकडे आणि कोळसा. मिस्त्रींनी दोन्ही तळव्यांत पानं धरून रोप उभं ठेवलं. तेवढ्यात फोन वाजला. सुनेची बोटं काळी झाली होती. तिने कोपराने स्पीकर लावला.

"रविवारी येतो गं," थोरला म्हणाला. "बाबांची बॅग भरून ठेव."

"या ना दादा, जेवायलाच या. पण बाबा मोकळे नाहीत."

"म्हणजे?"

"माझं झाड बुडवलंय त्यांनी. नवी मुळं फुटेपर्यंत त्यांनीच बघायचं. मी नाही बघणार."

"अगं, किती दिवस लागतील?"

"झाडाचं काय सांगावं? मन रमलं तर फुटतील."

थोरला हसला. "बाबांना विचारलंस का?"

सुनेने मान वर केली नाही. मिस्त्रींनी घसा खाकरला.

"हात गुंतलेत रे," ते फोनकडे तोंड करून म्हणाले.

फोन बंद झाला. सुनेने कोळशाचा एक खडा मुळांच्या बेचक्यात सारला, दुसरा शोधला. मिस्त्रींचे तळवे अजून घट्ट मिटलेले होते.

"सैल धरा, बाबा," ती म्हणाली. "आता पडत नाही ते."