डाव्या हाताची ग्रिप

त्या मैदानावर दर शर्यतीला कुणाचं ना कुणाचं हाड मोडायचंच. मातीचे पुरुषभर उंच ढिगारे, त्यांवरून उडणाऱ्या मोटरसायकली, आणि चालवणारे सगळे हौशी. कुणी प्लंबर, कुणी बँकेतला कारकून, कुणी नुकताच बाप झालेला. आठवडाभर पोटासाठी राबायचं आणि सुट्टीच्या दिवशी हौसेनं दात पाडून घ्यायचे. लोक त्याला मोटोक्रॉस म्हणत. वहिनी म्हणायची, "पदरमोड करून पडायला येतात मेले!"

पण त्यांच्या पडण्यावरच तिची चूल पेटे. कुंपणाला लागून दोन टेबलं, वर ताडपत्री, आणि टेबलांवर क्लचचे लिव्हर, चेन, प्लग, चष्मे, हातमोजे. आतासारखी काचेची फिरती दुकानं तेव्हा नव्हती. नवरा पाठीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळला, तेव्हापासून ती आणि तिचा धाकटा दीर मिळून दुकान चालवत. विकणं तिचं, बसवणं त्याचं. तो वहिनी म्हणे, म्हणून सगळं मैदान तिला वहिनी म्हणे, सत्तरीतले पंचसुद्धा.

त्या दिवशी शेवटच्या शर्यतीआधी क्रेनवाला आपल्या भावाला घेऊन आला. बंद पडलेले ट्रक ओढून नेण्याचा त्याचा धंदा. मान बैलासारखी, नाकावर माशी बसू द्यायचा नाही. आईबापांमागं भावाला त्यानंच लहानाचं मोठं केलं होतं. सकाळी भाऊ पडला आणि हँडलच्या डाव्या मुठीवरचं रबर फाटलं. त्या रबराला सगळे ग्रिप म्हणत.

"वहिनी, डावी ग्रिप. पाच मिनिटांत बसली पाहिजे."

"पाच मिनिटांत चहा उकळत नाही, दादा," दीर म्हणाला. "पण तुमच्यापुढं घड्याळाची काय बिशाद!" क्रेनवाला गाडी तिथंच सोडून भावाला घेऊन पंचांकडं गेला.

ग्रिप जोडीनं येतात. डावी थेट हँडलवर चढते. उजवीच्या आत रेस द्यायची फिरती नळी असते, म्हणून उजवीचं भोक मोठं. पण हौशी माणूस फाटली तेवढी एकच मागतो. त्यामुळे वहिनीच्या डब्यात सुट्या ग्रिपची नुसती सरमिसळ झालेली. तिनं एक काढून दिली. दिरानं ती हँडलवर सरकवली आणि तसाच तिच्याकडे आला.

"वहिनी, ही ढिली आहे गं. उजवी आहे ही."

तिनं डबा उपसला. डावी एकही नव्हती.

"शेजारी असेल," तो हळूच म्हणाला. "पळत जाऊन आणतो."

शेजारचा दुकानदार गेल्याच वर्षी आला होता आणि तिची गिऱ्हाइकं एकेक करून पळवत होता. तो मान उंचावून इकडंच बघत होता.

"त्याच्या दारात जायचं नाही," वहिनी म्हणाली. "आत टेप गुंडाळ, गोंद लाव, वरून दोन तारा आवळ. चार फेऱ्यांचा तर प्रश्न आहे."

"वहिनी, नको."

"बसव म्हणते ना!"

त्यानं बसवली. पक्कडीनं तारा आवळताना एकदाही वर पाहिलं नाही.

ग्रिपनं तीन फेऱ्या काढल्या. चौथ्या फेरीत भाऊ मोठ्या ढिगाऱ्यावरून उडाला आणि खाली टेकताना त्याचा डावा हात हँडलवरून सुटला. गाडी आडवी झाली. मागच्याला थांबायला जागाच नव्हती. त्याची दोन्ही चाकं भावाच्या मांडीवरून गेली. त्यामागचा भावाच्या जबड्यावर आदळला. गर्दीतून ओरडासुद्धा उठला नाही. एक इंजिन तेवढं उलटं पडून किंचाळत राहिलं.

थोड्या वेळानं क्रेनवाला दुकानापुढं उभा राहिला. कोपरांपर्यंत रक्त, आणि हातात ग्रिप.

"त्याच्या मुठीत होती," तो म्हणाला. आवाज अगदी हळू होता. "अजून धरूनच होता. बोटं मला उघडावी लागली. कुणी बसवली?"

वहिनीनं सुट्या ग्रिपचा डबा टेबलाखाली सरकवला. माप चुकलं हे एकदा तोंडातून गेलं की दुकान संपलं. शेजारचा कान टवकारून उभाच होता.

"मी बसवली," दीर म्हणाला.

क्रेनवाल्यानं टेबलावरची नवी चेन उचलली. पहिला फटका खांद्यावर बसला. सदरा फाटला, कातडी फाटली. चालवणाऱ्यांतला प्लंबर मध्ये पडला, तर त्याला क्रेनवाल्यानं टेबलावरून पलीकडे भिरकावलं. दुसरा फटका कानावर. दीर गुडघ्यांवर आला. त्यानं वहिनीकडे एकदा पाहिलं. तिसऱ्याला त्यानं तोंड झाकायला हात वर केला आणि बोटं मोडल्याचा आवाज वहिनीनं ऐकला.

"थांब!" ती किंचाळली. "उजवी दिली मी! तो नको म्हणत होता, मी बसवायला लावली!"

क्रेनवाला वळला. बाईमाणूस वगैरे त्याला काही दिसत नव्हतं. चेन तिच्या हनुवटीवर बसली, तोंडात दातांचा चुरा झाला, आणि ती चष्म्यांच्या ढिगावर पालथी पडली. चेन पुन्हा वर गेली. तेवढ्यात दिरानं जमिनीवरूनच, धड राहिलेल्या हातानं, टायर काढायची सळई त्याच्या गुडघ्यावर हाणली. एकदा, आणि मग परत त्याच जागी.

तो भला मोठा माणूस चिखलात बसला आणि ढसाढसा रडायला लागला. "माझ्या हातानं भरवलंय त्याला," एवढंच म्हणत राहिला.

भाऊ जगला. पायात सळई घालावी लागली; गाडीवर पुन्हा बसला नाही.

इस्पितळात वहिनी आणि दीर एकाच बाकावर होते. तिच्या तोंडात कापूस, त्याचा हात गळ्यात.

"पहिल्याच फटक्याला का नाही बोललीस?" त्यानं विचारलं.

उत्तर टाळायला तोंडातला कापूस पुरला असता. तिनं तो काढला.

"दुकान डोळ्यांपुढं आलं. तू नंतर आलास."

त्यानं गळ्यातल्या हाताची झोळी सारखी केली. मग म्हणाला, "दादाला सांगू नकोस. अंथरुणावरून उठता येत नाही त्याला, नुसता जळत राहील."

त्याची दोन बोटं पुढं कधी वाकली नाहीत. पक्कड सुटली, ती सुटलीच. तो एका गोदामात पहारा करायला लागला. घरी यायचा, अंथरुणावरच्या भावाशेजारी बसायचा, जेवून जायचा. मैदानावर पाऊल टाकलं नाही.

वहिनी मात्र पुढच्या शर्यतीला गेली. एकटीनं ताडपत्री बांधली. दीर कुठं आहे म्हणून जो तो विचारायचा, आणि ती पुढचे तुटके दात दिसतील अशी सांगायची, "डावीच्या जागी मी उजवी दिली आणि मार त्यानं खाल्ला." काही जण ऐकून तसेच शेजारच्या दुकानात जात. जे थांबत, त्यांची ग्रिप ती आता स्वतः बसवायची. ढिली निघाली, तर सगळ्यांदेखत उठायची आणि शेजारच्याकडून विकत आणायची.