सगळ्यांत हलका पॅन

योगिनीने तिसरा पॅन हातात घेतला, मनगट वरखाली करून तोलला आणि गोरक्षशेठांपुढे धरला.

"जरा काट्यावर ठेवता का?"

गोरक्षशेठांनी चष्म्यावरून पाहिले. भांडी बाजारातले त्यांचे दुकान तिसऱ्या पिढीचे. तांबे-पितळ वजनावर आणि बाकी सगळे नगावर, हे नाशकातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"ताई, नॉन-स्टिक नगावर असतं. याला वजनाचा भाव नाही."

"भावासाठी नाही. किती भरतो तेवढंच बघायचंय."

काट्यावर लाल आकडे उमटले. सहाशे दहा. योगिनीने आधीच्या दोन पॅनकडे पाहून मनाशी काही ताडले आणि विचारले, "याच्याहून हलका?"

बाकावर टेकलेल्या तिच्या आईला, लताबाईंना, हसू आले. सायखेड्याच्या मळ्यात भावांच्या बरोबरीने कांद्याच्या गोण्या उचललेली ही पोर, आणि आता तिला सहाशे ग्रॅमचे ओझे होत होते. शहराचे पाणी लागले, दुसरे काय.

"हलकं हलकं काय लावलंय गं? डोक्यावर घेऊन मिरवायचाय का तो?"

योगिनी हसली नाही. एरवी ती अशा बोलण्याला उलट उत्तर दिल्याशिवाय राहत नसे.

दसऱ्यानंतर आठ दिवस माहेरपण झाले होते. आज पाच वाजता जावई संतोषराव गाडी घेऊन इथेच यायचे होते आणि तिला पाथर्डी फाट्यावरच्या फ्लॅटवर घेऊन जायचे होते. लेकीला माहेरून रिकाम्या हाताने पाठवू नये, म्हणून लताबाई दुपारच्या एसटीने तिच्याबरोबर नाशकात आल्या. साडी घेऊ का, तर नको. पैंजण, तर तेही नको. आठ दिवसांत पोरीने तोंड उघडून एकच गोष्ट मागितली होती, ती म्हणजे फ्राय पॅन. मग निदान तो तरी जन्मभर पुरेल असा घ्यावा, एवढेच आईचे म्हणणे होते.

तसा एक त्यांनी हेरूनही ठेवला होता. निळसर काळा, जाड, लांब दांड्याचा.

"आता याला कार्बन स्टील म्हणतात, मावशी," गोरक्षशेठ म्हणाले. "आपला लोखंडीच. बिडाचा हातातून पडला तर तडकतो, याला काही होत नाही. तुमची नातवंडं यावर धिरडी खातील बघा."

लताबाईंनी तो बोटाच्या पेराने वाजवून पाहिला. आवाज भरीव आला आणि त्यांचे समाधान झाले.

"ऐकलंस का? नाय तर ते तुझं नॉन-स्टिक. वरून कीर्तन, आतून तमाशा. वरीस झालं नाय की पोपडे निघत्यात, अन् ते काळं सगळं पोटात."

गोरक्षशेठांनी न सांगताच लोखंडी पॅन काट्यावर ठेवला. एक किलो सहाशे चाळीस. योगिनीने आकडा वाचला आणि ती काउंटरपासून पाऊलभर मागे सरकली.

"हा नको."

"का नको?"

"जड आहे."

"रुखवतातला तवा तर याच्याहून जड हाय. तो उचलतीसच ना रोज?"

"तो नाहीये आता. भांड्याला मैनाताई येते, तिला दिला."

लताबाईंना राग आला. तो तवा गावच्या लोहाराकडून घडवून घेतला होता, आणि पोरीच्या सासरी पहिल्या दिवसापासून भाकरी फुगावी म्हणून त्यांनी स्वतः महिनाभर वापरून तो मुरवला होता. असा तवा कुणी फुकट देऊन टाकतं? पण परक्या दुकानात लेकीचा पाणउतारा नको, म्हणून त्यांनी तो राग गिळला.

गोरक्षशेठांनी माळ्यावरून एक खोका काढला. आत पातळ पत्र्याचा, लाल रंगाचा छोटा पॅन होता. चारशे सत्तर ग्रॅम. योगिनीने तो उलटसुलट करून पाहिला. कडेवरून अंगठा हळूच फिरवला, पुन्हा एकदा फिरवला. दांड्याचा स्क्रू चाचपला.

"कड लागत नाही ना याची?"

"छे. दुमडलेली आहे. यावर काचेचं झाकण फुकट आहे, ताई."

"झाकण नको."

"अहो फुकट आहे."

"काच नको," योगिनी म्हणाली.

गोरक्षशेठांनी खांदे उडवले आणि झाकण बाजूला ठेवले. माणूस तोंडाचा मोकळा होता, गिऱ्हाइकाला दोन शब्द शहाणपणाचे सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

"हाच देतो मग. पण आधीच सांगतो, हा फार नाजूक. पोचे पडतात याला. नंतर माझ्याकडे आणू नका."

"माहितीये. आधीच्या दोन्हींना पडले तसेच."

"दोन पॅन झाले?" लताबाईंनी विचारले. "तीन वर्सांत? एवढी कशी गं धांदरट तू? हातातून निसटत्यात कसे तुझ्या?"

योगिनीने लाल पॅन काउंटरवर ठेवला. दांडा भिंतीकडे वळवला. बाहेर एक हातगाडीवाला वाट मागत ओरडत होता, तो जाईपर्यंत ती थांबली.

"माझ्या हातून नाही पडले, आई."

ती इतक्या हळू बोलली की गोरक्षशेठांना ऐकू गेले नाही. लताबाईंना गेले. ऑक्टोबरच्या उन्हात रस्त्यावरचे डांबर मऊ झाले होते आणि योगिनीच्या ब्लाउजच्या बाह्या कोपराच्या खाली आल्या होत्या. आठ दिवस त्या तशाच होत्या. आठ दिवस लताबाईंनी त्या पाहिल्या होत्या आणि शहरात आता अशीच फॅशन असेल असे धरून चालल्या होत्या.

"हलका असला की कमी लागतं," योगिनी म्हणाली.

लताबाईंना बाकाची कड धरावी लागली. सहाशे दहा, एक किलो सहाशे चाळीस, चारशे सत्तर. पोर मघापासून कसले वजन करून घेत होती ते त्यांना आत्ता कळले. परवा चुलीपाशी परात पडली तेव्हा हिने दोन्ही हात डोक्यावर घेतले होते, आणि आपण हसून विचारले होते, बाई, भूत दिसलं का काय? आणि श्रावणात फोन आला होता. आई, थोडे दिवस येऊ का गं? तेव्हा आपण काय म्हणालो? संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच, म्हणून लगेच माहेर गाठू नये. शहाणपणाचे वाटले होते ते. त्यांच्या आईनेही त्यांना तेच सांगितले होते. स्वतःच्या त्या शब्दांची त्यांना आता अशी शरम वाटली की लेकीकडे मान वर करून पाहवेना.

"योगू, तू सांगितलं का नाय मला?"

"सांगत होते," योगिनी म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती.

लताबाईंना तिचा हात धरायचा होता. पण हात कुठे धरावा, कुठे दुखत असेल, हेच कळेना. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला, ओळखीचा, दोनदा. पाचला अजून वीस मिनिटे होती.

संतोषराव दुकानात आले ते हसतच. अंबडच्या कंपनीत सुपरवायझर, इस्त्रीचा शर्ट, मनगटावर दसऱ्याला सासऱ्यांनी दिलेले घड्याळ. त्यांनी वाकून लताबाईंच्या पायाला हात लावला. लताबाईंच्या तोंडून सवयीने आशीर्वाद निघाला आणि अर्ध्यावर थांबला.

"लवकर सुटलो, आई. म्हटलं, तुम्हाला ताटकळत ठेवू नये. झाली का खरेदी?"

"होतीय."

योगिनी काउंटरच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. ती कधी सरकली ते कुणाला दिसले नाही.

संतोषरावांनी लाल पॅन दोन बोटांनी उचलला आणि खाली ठेवला. "हे काय खेळणं घेतलंय?" मग त्यांची नजर लोखंडी पॅनवर गेली. त्यांनी तो दांड्याला धरून उचलला, मनगटात फिरवला, हवेत जरासा झुलवला. त्यांच्या तोंडावर कौतुक होते.

"हा कसला भारी आहे. हातात भरतो. कोणी निवडला?"

"मावशींची पसंती," गोरक्षशेठ खूश होऊन म्हणाले. "ताई नको म्हणतायत. जड होतो म्हणे."

"आईंचंच बरोबर आहे. घेऊ तर वस्तू कायमची घेऊ." संतोषराव बायकोकडे पाहून हसले. "सवय होते, काय योगिनी? शेठ, हाच बांधा."

अर्ध्या तासापूर्वी जावयाने अशी बाजू घेतली असती तर लताबाईंनी गावभर सांगितले असते. आता त्या पॅनभोवती वर्तमानपत्र गुंडाळले जाताना पाहत होत्या. गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती. पाच मिनिटांत पोर तिच्यात बसणार होती, आणि हा पॅन तिच्या मांडीवर असणार होता. इथे आवाज चढवावा, तर जावई नाकारणार, हसणार, चार माणसे जमणार, आणि योगिनी भीतीने त्यांचीच री ओढणार. त्यांनी तसे होताना गावात पाहिले होते.

"एक सांगतो हां," गोरक्षशेठ सुतळी बांधताना म्हणाले, "हा नेला की लगेच वापरायचा नाही. वरचं मेण जाळायचं, मग रोज तेल पाजायचं. चांगले आठ-पंधरा दिवस मुरवावा लागतो, नाही तर सगळं चिकटतं."

लताबाईंनी काउंटरवरून पुडके उचलले आणि आपल्या पिशवीत घातले.

"मंग हा सायखेड्याला जाईल," त्या म्हणाल्या.

"कशाला, आई? मी करतो की घरी. यूट्यूबवर सगळं असतं."

"नाय, संतोषराव. आमच्याकडं रीत हाय. लेकीला लोखंड द्यायचं तर कोरं नाय देत. आधी माहेरच्या चुलीवर चढवायचं. अन् पहिल्या एकवीस भाकरी जिच्या घरी तवा जायचा, तिनंच थापायच्या. मंगच घराबाहेर काढायचा. तवर लेक माहेरीच."

अशी कोणतीही रीत सायखेड्यात नव्हती. आसपासच्या गावांतही नसावी. पण लताबाईंच्या तोंडून शब्द असे सरळ बाहेर पडत होते की जणू त्यांच्या आजेसासूने सांगून ठेवले होते.

"तवा नाही, पॅन आहे हा," संतोषराव म्हणाले.

"लोखंड ते लोखंड."

"रुखवतातला तवा दिला तेव्हा नव्हती ही रीत."

"तेव्हा मी थापल्या. म्हणूनच टिकला नाय तो तुमच्याकडं."

गोरक्षशेठांनी मान डोलावली. बायकांच्या रीतींचा पुरुषाने काथ्याकूट करू नये, असे त्यांचे मत असावे. संतोषराव हसत होते, मात्र आता नुसते ओठ हसत होते. त्यांनी पिशवीचा एक बंद हातात घेतला. दुसरा लताबाईंच्या हातात होता. दोघांनीही सोडला नाही.

"योगिनी," ते तिच्याकडे न पाहता म्हणाले, "मी लवकर सुटून आलोय. घरी जायचंय आपल्याला. अशी रीत आहे तुमच्याकडे?"

योगिनी खाली पाहत होती. लताबाईंना वाटले, संपले. आता ही नाही म्हणणार, पदर सावरणार आणि गाडीत जाऊन बसणार. श्रावणात आपणच हिला तसे शिकवले. त्यांनी मनातल्या मनात सगळ्या देवांना हात जोडले, पण पिशवीचा बंद काही सोडला नाही.

योगिनीने मान वर केली. ती आईच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"आहे," ती म्हणाली. मग थोडे थांबून, "पण आई चुकतीये. एकवीस नाही. एकशे एक."

संतोषरावांनी बायकोकडे पाहिले, नीट, पहिल्यांदाच पाहावे तसे. मग त्यांनी पिशवीचा बंद सोडला आणि शर्टाची बाही सारखी केली.

"बरं," ते म्हणाले. "रविवारी येतो मी. मोजायला."

"या ना," लताबाई म्हणाल्या. "तिचे दोघं भाऊ असत्याल, चुलते असत्याल, तिचे बापू असत्याल. जेवायलाच या."