खंडेनवमीचा रणगाडा

प्लास्टिकचे तुकडे चिकटवून मी रणगाडा बनवला, रंगवला. मग महिनाभर बारीक ब्रशने त्यावर गंज चढवला, चाकांना लिंबायतच्या खाडीचा चिखल फासला. लढाईतून परतलेला दिसायला हवा होता. खंडेनवमीला कारखान्यातून घरी आलो, तर बायकोने, सुषमाने, तो घासणीने खसाखसा घासून पाटावर मांडलेला! वर हळदकुंकू.

"अहो, पूजेला असं घाणेरडं शस्त्र ठेवतात का?"

त्या चकचकीत हिरव्या ठोकळ्याची शिसारी आली मला. तेवढ्यात शेजारचे धुडकूअण्णा आले. भक्तिभावाने वाकले नि म्हणाले, "वा! अगदी खेळण्यासारखा दिसतो."

सुषमा खूश झाली. आणि मला त्या डबड्यापुढे हात जोडावे लागले.