पायाळूची फळी

राहीबाई पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर आलेली. अशा माणसानं कमरेत लाथ मारली की भरलेली उसण पळते, ही साऱ्या कवठे महांकाळ भागाची खात्री. त्यामुळे ती सासरी आल्यापासून गावातले भले भले तिच्या अंगणात पालथे पडून गेले होते. लाथ खायची त्यांनी, आणि थोरांना पाय लावल्याचं पाप फिटावं म्हणून वाकून पाया पडायचं तिनं. ती पाया पडेपर्यंत माणसानं उठायचं नाही. उठला तर उसण परत येते म्हणे.

आणि राहीबाईचं मरण होतं ते नेमकं वाकण्यात. बाळंतपणानंतर पाणी भरताना कमरेत कळ आली, ती टाचेपर्यंत उतरली. वाकलं की विंचू चावल्यागत सणक जायची. पण सांगते कुणाला?

"पायाळूच्या पायाला कुटं कळ येती व्हय?" सासू धोंडुबाई म्हणायची, आणि सगळं गाव मान डोलवायचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

नवरा जोतीराम लढाईवरून रजेवर आला तेव्हा तो तिला मिरजेच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी पाय उचलून पाहिला आणि सांगितलं, मणक्यापाशी शीर दबलीय. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, शेक घ्यायचा, कडक फळीवर निजायचं. नाहीतर पाय कायमचा अधू होईल. जोतीरामनं वखारीतून फळी आणून दिली आणि तो पलटणीत परत गेला.

"वाकायचं न्हाई?" धोंडुबाईनं कपाळावर हात मारला. "मग सून केली कशाला?"

राहीबाई मात्र हट्टाला पेटली. उद्या ती लंगडी झाली असती तर गाव काही तिला खांद्यावर घेऊन फिरणार नव्हतं. ती खराट्यानं उभ्यानं झाडायची, आणि टोमणे या कानानं ऐकून त्या कानानं सोडून द्यायची.

मग एका सकाळी कडब्याची पेंढी उचलताना खुद्द सासऱ्याची, कोंडीबाची, कंबर धरली. शेजारीपाजारी जमले. कोंडीबा अंगणात पालथा झाला. राहीबाईनं भिंतीचा आधार घेऊन त्याच्या कमरेला टाच मारली. तेवढं ती करणार होती.

"पड आता पाया," धोंडुबाई म्हणाली.

"न्हाई पडायची."

"आगं, सासरा हाय तुजा! पाप लागंल!"

"लागू द्या, आत्याबाई. पाप झेपंल मला. कळ न्हाई झेपत."

"माज आलाय हिला!" म्हणत कोंडीबा हात टेकून उठायला गेला. कमरेतून टाचेपर्यंत अशी सणक गेली की साठीतला तो गडी आईच्या नावानं ओरडला. राहीबाईनं ती ओरड लगेच ओळखली; तिनं ती रोज पदरात दाबली होती. तिला त्याची कीव आली. तरी ती वाकली नाही.

कोंडीबा परत मातीत पालथा पडला. मग हळूच म्हणाला, "सूनबाई, त्या डाक्टरानं फळी कसली सांगितली व्हती गं?"

"साधी लाकडाची, मामंजी. पर घरात एकच हाय, अन् तिच्यावर मी निजतिया. तुमाला दुसरी आणाय पायजे."

एवढं बोलून ती सगळ्यांच्या देखत आत गेली आणि भरदिवसा आपल्या फळीवर आडवी झाली.