न पाहिलेली पहाट

दुपारी जरा डोळा लागला की पट्टीबाईंच्या खोलीत पाणी चढायचं. आधी चपला तरंगायच्या, मग खुर्चीचे पाय बुडायचे, आणि समोरच्या भिंतीवर पुलाच्या खांबावरची ती पांढरी पट्टी उगवायची, काळ्या आकड्यांची. पाण्याला आवाज नसायचा. बाई पलंगावरूनच आकडा वाचायच्या. दोनशे बारा. दोनशे चौदा. हे पाणी नाही, आपले वाचक आहेत, हे त्यांना स्वप्नातसुद्धा ठाऊक असायचं.

चौतीस वर्षं त्यांनी नदीची उंची मोजली होती. रोज सकाळी सातला पुलाखालच्या पायऱ्या उतरायच्या, खांबावर रंगवलेल्या पट्टीवर पाणी कुठवर आलंय ते पाहायचं आणि वहीत लिहायचं. वहीला तीन रकाने: तारीख, उंची, शेरा. शेऱ्यात रोज दोनच शब्द, 'स्वतः पाहिले'. नावाने त्यांना कोणी हाक मारलीच नाही. कार्यालयात पट्टीबाई, बाजारात पट्टीबाई, आणि लाडात आला की नवराही तेच म्हणायचा.

तो गेला आणि बाईंची वाचाच बसल्यासारखी झाली. तेव्हा सुनेने लॅपटॉप पुढ्यात ठेवला. "आई, मला नदीचं सांगायचात ना, ते लिहा. दर शुक्रवारी ईमेलने पाठवू. ज्याला हवं तो नाव नोंदवेल."

पहिल्या पत्राला वाचक पाच, त्यातले तीन घरचेच. बाईंनी सवयीने कोरी वही काढून रकाने आखले: तारीख, वाचक, शेरा. जवळजवळ चार वर्षांत पाणी दोनशेच्या वर आलं आणि तिथेच अडलं. शेऱ्याचा रकाना रिकामाच राहिला. त्यात काय लिहावं ते कधी सुचलं नाही.

"दोनशेव्या पत्रापर्यंत हजार झाले नाहीत तर बंद," त्यांनी एक दिवस जाहीर केलं. "हजार झाले तर ते लिहिणं. नाहीतर नुसती बडबड."

"हजार कोणी ठरवलं?"

"धोक्याची खूणसुद्धा कोणीतरी ठरवलेलीच असते गं."

मग गुडघ्याने दगा दिला. पत्रासाठी दर शुक्रवारी उतरायच्या त्या पायऱ्या बंद. दोन आठवडे जुन्या आठवणींवर भागवलं. तिसऱ्या शुक्रवारी, एकशे नव्व्याण्णवाव्या पत्रासाठी, बाईंनी पलंगावर बसून डोळे मिटले आणि एक पहाट लिहिली. नदीवर दुधासारखं धुकं, त्यातून येणारी होडी, वल्ह्याचा आवाज ऐकू येतोय पण वल्हवणारा दिसत नाही. वर नेहमीसारखं लिहिलं, 'आज पहाटे पाहिलेलं'. ती पहाट इतकी लख्ख दिसत होती की अंगावर काटा आला.

कोणी कोणाला पाठवलं देव जाणे, पण ते पत्र वाऱ्यासारखं पसरलं. सोमवारी सून ओल्या हातांनीच धावत आली. "आई, अकराशे चाळीस! गुडघा लाभला तुम्हाला!"

बाई लहान मुलीसारख्या हसल्या. त्या दुपारी स्वप्नात पाणी छताला टेकलं. हिरवा उजेड पसरला होता, चपला माशांसारख्या फिरत होत्या. फक्त भिंतीवरची पट्टी कुठे दिसेना.

जाग आली तेव्हा एक उत्तर आलेलं होतं. त्यांच्या जुन्या साहेबांचं. साहेब आता नव्वदीला टेकलेले, नदीपलीकडे मुलीकडे राहायचे.

'बाई, पत्र सुंदर. पण शुक्रवारी पहाटे मी गॅलरीत बसलो होतो. वारा होता, धुकं नव्हतं. होडी तर वर्षभरात पाहिली नाही. तब्येत बरी आहे ना?'

बाईंना जुनी वही आठवली. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तापाने फणफणलेल्या असताना त्यांनी अंथरुणातूनच तीन दिवसांचे आकडे भरले होते, शहाण्या मुलासारखे ओळीने वाढणारे. साहेबांनी वही पाहिली आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, पाणी इतक्या शिस्तीत चढत नाही. आजारी असाल तर रेघ मारा. रेघेवर विसंबून कोणी बुडत नाही."

"वाचकांना सांगायचं कशाला पण?" सून म्हणाली. "ही काय पुराची सूचना आहे? सगळेच मनातलं लिहितात."

"ते गोष्ट म्हणून लिहितात. मी 'पाहिलेलं' म्हणून लिहिलं."

"लोक जातील आई. आणि हे दोनशेवं पत्र आहे. तुमच्या हजारांचं काय?"

बाईंची नजर स्क्रीनवरच्या अकराशे चाळीसवर गेली. तो आकडा जिवाला फार गोड लागला होता, खोटं कशाला बोला.

शुक्रवारी सकाळी गुडघ्याला पट्टा बांधून, काठी टेकत त्या पायऱ्या उतरल्या. बेचाळीस पायऱ्या. सून एक पायरी पुढे, तोंडाने अखंड दम देत. पुलाखाली गार वास होता, तोच. एक होडी नाही की धुक्याचा धागा नाही. वाऱ्याने पाणी हलत होतं. लाट बसेपर्यंत आकडा वाचायचा नसतो, म्हणून बाई उभ्या राहिल्या. खूप वेळ.

घरी येऊन दोनशेवं पत्र लिहिलं.

'मागच्या शुक्रवारची पहाट मी पाहिलेली नव्हती. पलंगावर बसून लिहिली. तिथे रेघ समजावी. आज पाणी दोन मीटर दहा, गढूळ. एक निळी बादली वाहत गेली. तिच्यामागे कोणी धावलं नाही.'

दुपारपर्यंत सून दारातून आकडे सांगत राहिली. "हजारच्या खाली गेलं. नऊशे. आई, आठशे चाळीस!"

"उतरू दे. होडी गेल्यावरची लाट होती ती."

बाईंनी वही उघडली. वाचकांच्या रकान्यात रेघ मारली. मग शेऱ्याच्या रकान्यात, चार वर्षांत पहिल्यांदा, दोन शब्द लिहिले.

संध्याकाळी साहेबांची एकच ओळ आली. 'निळी बादली. बरोबर.'

बाईंनी ती दोनदा वाचली आणि वहीत खालच्या ओळीवर पुढच्या शुक्रवारची तारीख घातली.